टेस्ट फेल, तर सर्व्हर चालूच होऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीझन आला की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. कुठलीतरी बुकिंगची साईट बसली, अर्जाची शेवटची तारीख होती आणि सर्व्हर डाऊन, लोक सकाळपासून ताटकळले. बातमी छापता ते चांगलंच करता, पण ती अशी लिहिलेली असते जसं काय आभाळच फाटलं, आता त्याला कोण काय करणार. मी देवगडात बसून वेब ॲप्लिकेशन बनवतो, पोट त्यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा सर्व्हर नावाचं मशीन धडधाकट असतं, त्यावर चढवलेला प्रोग्राम कोणी तपासलेला नसतो, आणि तो न तपासता चढवता येतो हीच खरी गोम आहे.

मध्ये एका कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत होतो. पुढे एक आजोबा, आधी पण परत पाठवलेले. ते ऑपरेटरला म्हणाले, "ह्यो सर्वर रोजच कसो झोपता रे बाबा?" सगळे हसले. ऑपरेटर बिचारा काय सांगणार, त्याच्या स्क्रीनवर नुसता ५०० हा आकडा. आता ५०० म्हणजे काय, तर सर्व्हर जिवंत आहे, त्याने तुमची रिक्वेस्ट घेतली, आणि आतला प्रोग्राम मधेच कोसळला. मशीनच बंद असतं तर हा आकडा पण दिसला नसता. म्हणजे कोणीतरी कुठेतरी एसी ऑफिसात बसून एका टेबलातल्या कॉलमचं नाव बदललं, दुसऱ्या पानावर ते नाव तसंच राहिलं, आणि फाईल थेट चढवून गडी घरी गेला. हे पकडायला दोन ओळींची टेस्ट, म्हणजे प्रोग्राम तपासणारा छोटा प्रोग्राम, पुरते, पान उघड आणि २००, म्हणजे सगळं ठीक, येतोय का बघ, बस.

आता मी काय करतो ते सांगतो, म्हणजे नुसती टीका नको. मी आणि आमच्याकडची कॉलेजातली दोन-तीन पोरं मिळून पर्ल नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा वेब ॲप्लिकेशन सर्व्हर बनवलाय (इथे सर्व्हर म्हणजे मशीन नव्हे, मशीनवर चालून पानं पुरवणारा प्रोग्राम), त्यावर काही आंबा बागायतदारांच्या पेट्यांच्या ऑर्डर चालतात आणि किनाऱ्यावरच्या काही घरगुती होमस्टेंचं बुकिंग चालतं. पानं कुठून कुठे जातात, टेम्प्लेट, लॉगिन, डेटाबेस हे सगळं इतरांसारखंच आहे, त्यात काही विशेष नाही. विशेष एवढंच की टेस्ट हा त्या सर्व्हरचाच भाग आहे. सर्व्हर चालू करायला गेलात की तो आधी स्वतःच्या सगळ्या टेस्ट चालवतो, एक जरी फेल गेली तर तो चालू होत नाही. नवीन कोड चढवायचा असेल तर जुना सर्व्हर गिऱ्हाईक सांभाळत राहतो, नवीन कोडच्या टेस्ट बाजूला एका वेगळ्या प्रोसेसमध्ये (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) चालतात, पास झाल्या तर नवीन प्रोसेस कामाला लागतात आणि जुन्या आपल्या हातातली रिक्वेस्ट पुरी करून निघून जातात, फेल झाल्या तर काहीच बदलत नाही, गिऱ्हाइकाला पत्ता पण लागत नाही.

हे करायला अवघड वाटतं पण नाहीये, कारण युनिक्समध्ये (सर्व्हरच्या मशीनवरची प्रणाली) पोर्ट, म्हणजे रिक्वेस्ट आत यायचं दार, उघडणारा एक मोठा प्रोसेस असतो आणि तो फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पोरं जन्माला घालतो, पोरांना ते उघडं सॉकेट, म्हणजे त्या दाराचा ताबा, वारशात मिळतं. मोठ्याने पोर्ट सोडायचाच नाही, नुसती पोरं बदलायची. आणि टेस्ट पास का फेल हे कळायला टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसने शेवटी शून्य (म्हणजे पास) परत दिला की नाही एवढंच बघायचं.

आता कोणी म्हणेल पर्ल? ती अजून आहे? आहे हो. लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ ला पहिली पर्ल लोकांना दिली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्या पहिल्या पर्लसोबतच टी नावाचा एक फोल्डर होता आणि त्यात टेस्ट होत्या. टेस्टने काय करायचं, तर आधी सांगायचं की मी एवढ्या गोष्टी तपासणार आहे, उदाहरणार्थ १ ते २०, आणि मग एकेका ओळीवर ओके १, ओके २, नॉट ओके ३ असं छापत जायचं. संपलं. ही साधी पद्धत आज पण तशीच चालते, आता तिला टॅप म्हणतात आणि दुसऱ्या भाषांनी पण ती उचललीय. त्या पहिल्या ओळीचा फायदा बघा, वीस तपासणार म्हणाला आणि बारावरच मेला, तर जेवढ्या छापल्या त्या सगळ्या ओके असल्या तरी निकाल फेलच. आपल्याकडच्या कितीतरी योजनांना ही पहिली ओळ लावायला हवी, पण तो विषय वेगळा.

१९९५ मध्ये सीपॅन सुरू झालं, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या पर्ल मॉड्यूलचं (तयार तुकड्यांचं) भांडार, आज त्यात दोन लाखांच्या वर मॉड्यूल आहेत. तिथून एखादं मॉड्यूल तुम्ही घेतलंत की ते बसवायच्या आधी त्याच्या टेस्ट तुमच्याच मशीनवर चालतात, आणि फेल गेल्या तर इन्स्टॉल होत नाही, तुम्ही मुद्दाम जबरदस्ती केलीत तरच होतं. शिवाय सीपॅन टेस्टर्स म्हणून हौशी मंडळी आहेत, कोणी नवीन काही टाकलं की आपापल्या वेगवेगळ्या मशीनवर ते चालवून बघतात आणि कुठे मोडलं ते लेखकाला कळवतात. पैसे नाहीत, काही नाही. म्हणजे टेस्टची सवय या भाषेच्या रक्तातच आहे, आम्ही फक्त तीच इन्स्टॉलच्या जागी सर्व्हर चालू करण्याला लावली.

वेबची बाजू पण थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात पर्लने वेबची पानं बनवायची पद्धत म्हणजे सीजीआय, त्यात प्रत्येक रिक्वेस्टला नवीन प्रोसेस सुरू व्हायचा आणि काम झालं की मरायचा, त्यामुळे गर्दी झाली की दम लागायचा. नंतर २००९ मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी पायथन आणि रुबी या भाषावाल्यांकडे बघून पीएसजीआय नावाचा एक करार आणला, सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचा. करार इतका सोपा की बस, तुमचं सगळं ॲप्लिकेशन म्हणजे एक फंक्शन (हाक मारली की काम करून उत्तर देणारा तुकडा), त्याला रिक्वेस्टची माहिती एका हॅशमध्ये, म्हणजे नावानिशी यादीत, घालून द्यायची, आणि त्याने तीन गोष्टी परत द्यायच्या, स्टेटसचा आकडा, हेडर (मजकुराबद्दलची माहिती) आणि मजकूर. आता गंमत अशी की ॲप्लिकेशन जर नुसतं फंक्शन असेल तर त्याची टेस्ट करायला नेटवर्क नको, ब्राउझर नको, पोर्ट नको, फंक्शनला हाक मारा आणि काय परत आलं ते बघा. म्हणून आमच्या सगळ्या टेस्ट अर्ध्या मिनिटात होतात. काही टेस्ट मात्र आम्ही मुद्दाम खऱ्या सॉकेटवरून चालवतो, कारण बाईट (मशीन साठवतं ते तुकडे) आणि अक्षरं (आपण वाचतो ती) यांची भांडणं तिथेच लागतात.

आणि ही भांडणं मराठीत जास्त लागतात, त्याच्यावर जरा थांबतो, कारण बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे कोणी तपासतच नाही.

पहिलं म्हणजे आकडे. बागायतदाराचं गिऱ्हाईक मुंबईत बसून मोबाईलवर मराठी कीबोर्डने किती पेट्या या रकान्यात ५ टाकतं. प्रोग्राममध्ये तपासणी असते की इथे फक्त अंक चालतील. पर्लमध्ये अंक म्हणजे कुठल्याही लिपीचे अंक, त्यामुळे मराठी ५ ही तपासणी आरामात पास होतो. पण पुढे गुणाकार करायला गेलात की पर्लच्या गणिताला फक्त इंग्रजी आकडे कळतात, मराठी ५ चा सरळ शून्य होतो, आणि एक वॉर्निंग लॉगमध्ये पडते जी कोणी वाचत नाही. म्हणजे ऑर्डर मिळाली, शून्य पेट्या, बिल शून्य रुपये, धन्यवाद. दुसऱ्या एका साईटवर मी हे डोळ्यांनी बघितलंय, नाव घेत नाही. यावर उपाय दोन, एक म्हणजे पर्लच्या ५.१४ आवृत्तीपासून मिळालेली छोट्या ए ची खूण त्या तपासणीला लावून फक्त इंग्रजी अंक घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला एरर दाखवायची, दुसरा म्हणजे मराठी अंक स्वतः बदलून घ्यायचे, त्याचं फंक्शन पर्लसोबतच येतं. आम्ही दुसरा घेतला. कीबोर्ड बदला असं गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे धंद्याला रामराम. आणि टेस्टमध्ये सगळीकडे एक नियम घातला की टेस्ट चालताना एक जरी वॉर्निंग आली तरी ती फेलच धरायची.

दुसरं म्हणजे तिसऱ्या, त्या शिंपल्यातल्या. होमस्टेवाल्या काकी रात्रीच्या जेवणाचा मेनू दुपारी मोबाईलवरून टाकतात, सुरमई, बांगडा, तिसऱ्या, सोलकढी, आणि पाहुणे सर्च करतात. आता तिसऱ्या हा शब्द डोळ्याला एकच दिसतो पण आत तीन तऱ्हेने लिहिलेला असू शकतो. एका कीबोर्डमध्ये तुटक ऱ हे सबंध एक अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यात साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे येतात, आणि जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. शिवाय चौथे असतात ते सरळ रफार देऊन तिसर्या लिहितात, व्हॉट्सॲपवर तर हेच जास्त. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडचं (अक्षरं साठवायची जागतिक पद्धत) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकसारखं करणं, केलं की एक होतात, त्याचं मॉड्यूल पर्लमध्ये आधीपासूनच असतं. तिसरी मात्र होत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबाने तो वेगळाच मजकूर आहे, ती आपण हाताने बदलावी लागते. आणि चौथीला तर बदलायचंच नाही! कारण उद्या कोणी खोलीचं नाव दर्या ठेवलं, समुद्राकडे तोंड करून आहे म्हणून, आणि आपण हुशारी करून सगळ्या रफारांचा तुटक ऱ केला तर त्याच्या दऱ्या होतील, सूर्या नावाच्या पाहुण्याचं पण वाटोळं. म्हणून साठवताना नाव जसं लिहिलंय तसंच ठेवायचं आणि फक्त सर्च करताना दोन्ही बाजू एका साच्यात आणून मग तुलना करायची. या सगळ्याच्या टेस्ट आमच्याकडे आहेत, चारही तऱ्हेने लिहिलेलं सर्च केलं तर काकींचा मेनू सापडलाच पाहिजे, आणि दर्या ही खोली परत वाचली तर दर्याच राहिली पाहिजे. तुमच्या पेपरच्या वेबसाईटवर पण एकदा चारही तऱ्हेने सर्च करून बघा, मी बघितलंय.

एसएमएसचं पण आहे, इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात पण मराठी आलं की ७०, आणि त्यात काना-मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात. ती लांबी पण टेस्टमध्ये आहे, नाहीतर एका ऑर्डरला दोन मेसेजचे पैसे.

लाईट. कोकणात राहून लाईटची टेस्ट लिहिली नाही तर काय उपयोग. ऑर्डर घेता घेता मधेच लाईट गेली आणि इन्व्हर्टर पण गचकला, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं गेलं पण पेट्या लिहिल्याच नाहीत, असं झालं तर? याची टेस्ट आम्ही अशी करतो, फोर्क करून एक पोर तयार करायचं, त्याला ऑर्डर घ्यायला लावायचं, आणि तो अर्ध्यात असताना त्याला सिगकिल पाठवायचा, म्हणजे सावरायची संधी न देता जागच्या जागी ठार. मग डेटाबेस उघडून बघायचं. एकतर पूर्ण ऑर्डर हवी, नाहीतर काहीच नको, अर्धवट दिसली की नॉट ओके. डेटाबेसने ट्रान्झॅक्शन (सगळं लिहा, नाहीतर काहीच लिहू नका हा नियम) नीट पाळलं आणि आपण त्याच्या आतच सगळं लिहिलं तर ही टेस्ट पास होते, पण लिहिणाऱ्याने घाईत एखादी ओळ ट्रान्झॅक्शनच्या बाहेर टाकली की लगेच पकडली जाते. प्रोसेस मारणं म्हणजे अख्खं मशीन बंद पडणं नव्हे, तेवढा फरक आहे, पण आमच्या हातून होणाऱ्या चुका यात सापडतात. फोर्क, किल, सिग्नल हे सगळं पर्लला हातचा मळ आहे, या बाबतीत ती खरंच मोकळी-ढाकळी भाषा आहे.

तसंच शेवटच्या खोलीचं. ३१ डिसेंबर, एकच खोली उरलीय, दोघांनी एकाच क्षणी बुक दाबलं. दोन पोरं फोर्क करायची, दोघांना एकदम सोडायचं, एकाला खोली मिळाली पाहिजे आणि दुसऱ्याला सभ्य भाषेत नाही म्हणलं पाहिजे, दोघांना मिळाली तर काकींच्या अंगणात मारामारी. आणि रेंज कमी असली की लोक बटण दोनदा-तीनदा दाबतात, त्यात काही चूक नाही, सगळेच दाबतात, म्हणून फॉर्ममध्ये एक गुपचूप नंबर असतो आणि तोच नंबर परत आला तर ऑर्डर दुसऱ्यांदा धरायची नाही.

मग तारखा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पण बंद असतात, म्हणजे जुलैत कोणी होडीसकट पॅकेज मागितलं तर ॲप्लिकेशनने नाही म्हणायला हवं. याची टेस्ट करायला जुलैपर्यंत थांबायचं का? तर नाही, पर्लमध्ये वेळ सांगणाऱ्या फंक्शनच्या जागी आपलं खोटं घड्याळ बसवता येतं, सीपॅनवर त्याची तयार मॉड्यूल आहेत. जानेवारीत बसून आम्ही १५ जुलै करतो, ३१ जुलैची रात्र करतो, २९ फेब्रुवारी पण करतो.

तयार फ्रेमवर्क (वेब ॲप्लिकेशनचे तयार सांगाडे) असताना स्वतःचं कशाला, हा प्रश्न कॉलेजातल्या सरांनी पण विचारला. बरोबर आहे. कॅटॅलिस्ट आहे, डान्सर आहे, सेबॅस्टियन रीडेल यांचं मोजोलिशियस तर फारच सुंदर आहे, त्यात टेस्टचं साधन सोबतच येतं, एका ओळीत पान उघडा, स्टेटस तपासा, मजकूर तपासा असं साखळीने लिहिता येतं, आणि ते पर्लसोबत जे येतं त्याच्या बाहेरचं काहीच मागत नाही, आमच्याकडे नेट रडत-खडत चालतं तिथे ही मोठी गोष्ट आहे. आम्ही पण काही हवेतून बनवलं नाही, खाली पीएसजीआयच आहे. पण या सगळ्यांत टेस्ट लिहायची सोय आहे, सक्ती नाही. आम्हाला सक्ती हवी होती. आमच्या सर्व्हरला सुरुवातीला माहीत असतं की आपल्याकडे किती रस्ते, म्हणजे पानांचे पत्ते, आहेत, आणि टेस्ट चालताना तो बघत राहतो की कुठल्या रस्त्यावरून एकदा तरी कोणी गेलं, ज्या रस्त्याला कोणी शिवलंच नाही तो रस्ता सापडला की बंद, चालू होणार नाही. म्हणजे नवीन पान टाकलं आणि टेस्ट नाही लिहिली हे चालतच नाही.

यावरून आमच्यातच वाद झालेला. एका पोराचं म्हणणं की रात्री बारा वाजता तातडीने काही चढवायचं असेल तर एक चोरवाट हवी, टेस्ट न चालवता चालू होण्याची. मी नाही म्हटलं. चोरवाट ठेवली की तीच मुख्य रस्ता होते, घाट बंद असला की आपण काय करतो माहितीच आहे. मग त्याने विचारलं, की कोणी फेल जाणारी टेस्टच डिलीट केली तर? हा मुद्दा मात्र चोख होता. तेव्हापासून सर्व्हर मागच्या वेळी किती टेस्ट होत्या ते लिहून ठेवतो, आकडा कमी झाला तर कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ते कारण नावासकट लॉगमध्ये कायमचं राहतं.

पर्लच्या वाईट गोष्टी पण सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. डॉलर, ॲट, टक्के ही चिन्हं बघून नवीन पोरं बिचकतात. नोकऱ्या कमी आहेत, सिंधुदुर्गात पर्ल येणारा माणूस शोधायचा म्हणजे कठीणच. एकच गोष्ट दहा तऱ्हेने लिहिता येते म्हणून दहा जण दहा तऱ्हेने लिहितात. पण दुसरीकडे नवीन आवृत्ती दरवर्षी येते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा बराचसा कोड आज पण तसाच चालतो, छोट्या धंद्याला दर दोन वर्षांनी सगळं नव्याने लिहायला पैसे कोण देणार. आणि माझा आग्रह पर्लचा नाहीच, पायथनमध्ये करा, रुबीमध्ये करा, जावात करा, तिथे पण टेस्टची साधनं उत्तम आहेत.

माझं म्हणणं आहे ते काम देणाऱ्यांशी. ग्रामपंचायत असो, नगरपंचायत असो, सोसायटी असो की होमस्टेवाल्यांचा गट, वेबसाईटचं काम देताना आपण काय बघतो, तर कोटेशन किती आणि रंग कसा दिसतो. साकवाचा (छोट्या पुलाचा) स्लॅब टाकताना ठेकेदाराकडून त्याच काँक्रीटचे क्यूब भरून घेतात, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी ते मशीनखाली फोडून ताकद बघतात, रिपोर्ट फाईलला लागतो. मग सॉफ्टवेअरलाच हे का नको? वर्क ऑर्डरमध्ये तीन ओळी टाका, कोडसोबत त्याच्या टेस्ट पण आमच्या ताब्यात द्यायच्या, त्या आमच्या मशीनवर आमच्यासमोर चालवून दाखवायच्या, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच. मराठी नावं, मराठी आकडे, दोन माणसं एकदम आणि मधेच बंद पडणं, या चार गोष्टींच्या टेस्ट असल्याच पाहिजेत असं पण लिहा.

ठेकेदार हुशार असतात, मान्य. नुसतं ओके ओके छापणारी टेस्ट कोणी पण लिहील. त्याला पकडायला कॉम्प्युटर शिकायची गरज नाही. सरपंचांनी एवढंच सांगायचं, तुझ्या कोडमध्ये जिथे पेटीचा दर किंवा घरपट्टीचा दर आहे तो आकडा आता आमच्यासमोर बदल, आणि टेस्ट परत चालव. आता टेस्ट फेल व्हायला हवी. तरी पण सगळं ओकेच आलं तर ती टेस्ट थापा मारतेय. पाच मिनिटांचं काम आहे, आणि समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खर्च वाढेल म्हणतील. वाढेल थोडा, टेस्ट लिहायला वेळ जातो हे खरंच आहे. पण आज तो खर्च रांगेतली माणसं भरतात, एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून.

कॉलेजांना पण एक विनंती. आपल्या कोकणात इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं फायनल इयरला प्रोजेक्ट करतात, बहुतेक कसली ना कसली मॅनेजमेंट सिस्टीम. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, छापतात, बाइंडिंग करतात, एक्स्टर्नल येतात, लॉगिन दाखव, एक एन्ट्री टाक, झालं, मार्क. टेस्टिंग नावाचं एक प्रकरण ब्लॅक बुकमध्ये असतं, त्यात एक टेबल असतं आणि त्यात सगळीकडे पास पास लिहिलेलं असतं, हाताने टाइप केलेलं! ते टेबल बंद करा आणि टेस्ट समोर चालवायला लावा. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी कोड लिहायला देत नाही, आमच्या चालू कोडमधली एक ओळ मोडायला देतो आणि विचारतो की कुठली टेस्ट ओरडली. नाही ओरडली तर आज तुझं काम तीच लिहायची.

टेस्टने सगळं सुटतं असं नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आमच्याकडे झाडं आडवी केली, टॉवर गेले, तिथे कुठली टेस्ट काय करणार. हजारो लोक एकदम आले तर काय होतं त्यासाठी लोड टेस्ट वेगळी करावी लागते, ती आमची अजून कच्ची आहे, त्यावर काम चालू आहे. पण लाईट परत आल्यावर ऑर्डरी जागेवर असणं आणि कोणाची पेटी दुसऱ्याच्या नावावर गेलेली नसणं एवढं तर आपल्या हातात आहे ना.

पुढच्या वेळी सर्व्हर डाऊनची बातमी कराल तेव्हा तुमच्या वार्ताहराला एवढेच प्रश्न विचारायला सांगा, स्क्रीनवर आकडा कुठला होता, शेवटचा बदल कधी चढवला, आणि त्याआधी टेस्ट कोणी चालवल्या. उत्तर मिळो न मिळो, प्रश्न छापा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायचीच असेल तर सीपॅनचा आणि सीजीआयचा भाग उडवा, वर्क ऑर्डरमधल्या त्या तीन ओळी आणि दर बदलून बघायची युक्ती तेवढी राहू द्या. आणि तिसऱ्याच्या परिच्छेदात तुमच्या डीटीपीवाल्याने ऱ ची जुळवाजुळव करू नये, चौथी तऱ्हा आहे तशीच छापावी, नाहीतर अर्थच जाईल.

आपला,
एक वाचक, देवगड